कमांड लाइनवरच्या उबुंटू सर्व्हरवर डेस्कटॉप बसवायचाय? मग असा बसवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात एका मशीनवर उबुंटू सर्व्हर २४.०४ टाकलेलं आहे. बिलं, ड्रॉइंग आणि टेस्ट सर्टिफिकेटचे फोल्डर त्यावरून साम्बा या फाइल वाटणाऱ्या प्रोग्रामनं सगळ्या पीसींना मिळतात. रॅम ८ जीबी. ज्या मुलानं ते बसवलं तो नोकरीसाठी पुण्याला गेला. आता मॉनिटर लावला की काळ्या पडद्यावर फक्त लॉगिन दिसतं, आणि मालकांचं म्हणणं, ‘विंडोजसारखं उघडून बघता आलं पाहिजे.’ तुम्ही पूर्ण उबुंटू डेस्कटॉप टाकायला घेतलात, मधेच लाइट गेली, आणि आता कुठलंही पॅकेज टाकायला गेलं की चूक येते. पुढं काय करायचं?

कोल्हापुरात आणि आसपासच्या एमआयडीसींत छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. डेस्कटॉप बसवा. ‘सर्व्हरवर डेस्कटॉप टाकायचाच नसतो’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील, मला ते पटत नाही. ज्यांचा माल त्या मशीनवर आहे, त्यांना तो डोळ्यांनी बघावासा वाटला तर त्यात गैर काही नाही. माझी अट एकच. डेस्कटॉप नसला, बंद पडला किंवा काढून टाकला तरी सर्व्हर जसाच्या तसा चालला पाहिजे. म्हणजे मशीन सुरू होईल ते आजच्यासारखं काळ्या पडद्यावरच. चित्र उघडेल ते ज्याला लागेल त्याच्या टेबलावरच्या विंडोज पीसीवर, आणि काम झालं की बंद होईल. त्यासाठी एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप आणि त्याला दुरून जोडणारा एक्सआरडीपी, या दोन गोष्टी पुरतात. तुम्ही टाकायला घेतलेलं पूर्ण पॅकेज तुमच्या कामाला नको.

हे लिनक्समध्ये मुळातच सोपं आहे, त्याला कारण आहे. विंडोजमध्ये चित्र आणि मशीन एकत्र येतं. लिनक्समध्ये चित्र दाखवणारा भाग हा वेगळा प्रोग्राम असतो. तो भाग म्हणजे एक्स, १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत सुरू झालेला, आणि त्याची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली, तीच अजून चालते. प्रोग्राम एका मशीनवर चालावा आणि त्याचं चित्र दुसऱ्या मशीनवर दिसावं, ही कल्पना त्यात पहिल्यापासून आहे. तुमच्या सर्व्हरवर हा भाग मुळात टाकलेलाच नव्हता, म्हणून पडदा काळा. बिघडलंय असं काही नाही.

टाकण्याआधी ऑफिसात बसून एक गोष्ट विचारा: नक्की काय बघायचंय? फोल्डर उघडायचे असतील तर ते साम्बाने विंडोजवर आजही दिसतात. डिस्क किती भरली, मशीनवर कोणती सर्व्हिस बंद पडली एवढंच बघायचं असेल तर कॉकपिट टाका. तो ब्राउझरमध्ये ९०९० पोर्टवर उघडतो, आलेखासकट सगळं दाखवतो आणि डेस्कटॉपची गरजच राहत नाही. मालकांना दाखवायला कॉकपिट उत्तम आहे, तो मी बहुतेक ठिकाणी टाकतोच.

तरीही डेस्कटॉप लागतो अशी खरी कारणं असतात. त्यातलं एक आपल्याकडचंच आहे. तुमच्या फोल्डरांची नावं मराठीत असतील, ‘जुनी बिलं’, ‘पाटील पॅटर्न’ अशी, तर सर्व्हरच्या काळ्या पडद्यावर ती वाचताच येत नाहीत. त्या पडद्याच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात आणि जोडाक्षरं, वेलांट्या जुळवायची सोय त्यात नाही. मग नावाच्या जागी चौकोन दिसतात. चौकोनांकडे बघून फोल्डर हलवायचा म्हणजे चुकीचा फोल्डर उडवायची तयारीच. दुसरं कारण बॅकअपचं. बाहेरची हार्ड डिस्क लावली, दोन्हीकडचे फोल्डर शेजारी शेजारी उघडले, तारखा ताडून बघितल्या, हे काम तुमच्या दिवाणजींना माउसनं दहा मिनिटांत जमेल. कमांडनं ते शिकायला त्यांना महिना लागेल, आणि तो महिनाभर बॅकअप कुणी बघणार नाही.

आता कामाला लागू. कमांड मी फोनवर सांगतो तशा, उच्चारानुसार लिहितोय. टाइप करताना, मी वेगळं सांगितलं नसेल तिथं, सगळी इंग्रजी अक्षरं लहान लिपीतली घ्या. सुडो म्हणजे ‘हे अॅडमिनच्या अधिकारानं कर’. जागा सोडलेली दिसते तिथं जागा, टिंब दिसतं तिथं टिंब.

सगळ्यात आधी तो अर्धवट राहिलेला गोंधळ निस्तरायचा. लाइट गेली तेव्हा पॅकेजं डिस्कवर उतरली होती, पण त्यांची मांडणी पूर्ण झाली नव्हती. मशीन यूपीएसवर असताना, शक्यतो सर्व्हरसमोर बसून हे करा. दुरून एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या पीसीवरून कमांड देऊन, करणार असाल तर आधी टीमक्स एवढं लिहून एंटर द्या, म्हणजे मधेच कनेक्शन तुटलं तरी काम आत चालू राहतं. मग या दोन कमांड एकापाठोपाठ:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल

पहिली अर्धवट पॅकेजांची मांडणी पूर्ण करते, दुसरी राहिलेली जोडणी भरून काढते. दोन्ही शांतपणे पूर्ण झाल्या की स्लॅश व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरातली हिस्टरी.लॉग ही फाइल लेस नावाच्या कमांडनं उघडा. तुम्ही त्या दिवशी काय काय टाकलंत याची नावनिशीवार यादी त्यात आहे, तारीख-वेळेसकट. ती यादी फोनवर फोटो काढून ठेवा. पुढं कधी सगळं मागं घ्यायचं ठरलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग पूर्ण डेस्कटॉपचं पॅकेज काढायचं. इथं बरेच जण फसतात. उबुंटू-डेस्कटॉप हे पॅकेज म्हणजे नुसती चिठ्ठी आहे, ‘अमुक तमुक आणा’ सांगणारी. ती फाडली म्हणून आणलेला माल परत जात नाही. म्हणून आधी एपीटी रिमूव्ह उबुंटू-डेस्कटॉप, आणि त्यानंतर एपीटी ऑटोरिमूव्ह. ऑटोरिमूव्ह काढायच्या वस्तूंची लांबलचक यादी दाखवून होय-नाही विचारतं. होय म्हणण्याआधी ती यादी वरपासून खालपर्यंत वाचा. त्यात ओपनएसएसएच-सर्व्हर, साम्बा किंवा नेटप्लॅन यांपैकी एकही नाव दिसलं तर नाही म्हणा आणि थांबा. नाव वाचायचा कंटाळा करून दाबलेल्या एका वायमुळे सर्व्हर नेटवर्कवरून गायब झालेला मी पाहिलाय.

पूर्ण डेस्कटॉप का नको, ते मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. ती चूक पूर्ण सांगतो, कारण ती अजूनही लोकांकडून होते.

डेबियन १० नवं होतं तेव्हाची गोष्ट. उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी असाच एक फाइल सर्व्हर बसवला. सीएनसीचे प्रोग्राम त्यावर असायचे, कारागीर सकाळी आले की तिथून उचलायचे. मालकांना चित्र हवं होतं म्हणून मी जिनोम डेस्कटॉप (उबुंटूच्या पूर्ण डेस्कटॉपमध्ये असतो तोच) टाकला, लॉगिनची सुंदर स्क्रीन आली, सगळे खूश. दोन दिवसांनी फोन आला, ‘फोल्डर उघडत नाहीत.’ मी गेलो, तर मशीनवरचा दिवा लुकलुकत होता. बटण दाबलं, सगळं परत चालू. परत आलो. दुपारी पुन्हा फोन. असं चार दिवस चाललं. मशीन तापतंय असं त्यांना वाटलं. पाचव्या दिवशी गेलो तेव्हा कॅबिनेटचं झाकण काढून त्यांनी समोर एक टेबल फॅन लावला होता आणि एका पोराला शेजारी बसवलं होतं, दिवा लुकलुकला की बटण दाबायला. त्या पोरानंच मला सांगितलं, ‘साहेब, बरोबर वीस मिनिटांनी जातंय.’

तापलेलं मशीन घड्याळ बघून बंद पडत नाही. त्याचं ऐकून मी जर्नलसीटीएल, म्हणजे मशीनची नोंदवही, उघडलं, तर दर वीस मिनिटांनी एकच ओळ: पीएम, सस्पेंड एन्ट्री. मशीन झोपत होतं, आणि झोपवत होती ती लॉगिनची स्क्रीन. कीबोर्ड-माउसला वीस मिनिटं कुणी हात लावला नाही की लॅपटॉपसारखं मशीनला झोपवायचं, असं जिनोमच्या त्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ठरवलेलं होतं. आत लॉगिन केलेल्याच्या सेटिंगमध्ये मी झोप बंद केली होती, पण लॉगिन स्क्रीनचं सेटिंग वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं. नेटवर्कवरून दहा कारागीर फाइली उचलतायत हे त्या सेटिंगच्या हिशेबातच नाही; ते फक्त समोरचा कीबोर्ड आणि माउस मोजतं. चार दिवस त्या लोकांचं काम माझ्यामुळं खोळंबलं. त्या दिवसापासून कुठल्याही सर्व्हरवर, डेस्कटॉप असो वा नसो, माझी पहिली कमांड ही असते:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

याने झोपेचे चारही रस्ते कायमचे बंद होतात. नंतर कुठल्याही प्रोग्रामनं झोपायला सांगितलं तरी मशीन झोपत नाही. तुम्हीही डेस्कटॉप टाकण्याआधी हेच करा.

आता मुख्य माल. एपीटी अपडेट करून घ्या आणि मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल एक्सएफसीई४ एक्सआरडीपी एक्सऑर्गएक्सआरडीपी डीबस-एक्स११

तिसरं नाव मधे जागा न सोडता सलग लिहायचं. हे नाव मी मुद्दाम वेगळं लिहितोय. नुसतं एक्सआरडीपी सांगितलं तरी ते साधारणपणे सोबत येतं, पण कमी जागा लागावी म्हणून ‘शिफारस केलेली पॅकेजं नको’ असा पर्याय कुणी लावला की नेमकं हेच गळतं. मग लॉगिनची खिडकी येते, पासवर्ड बरोबर असतो, आणि तरी जोडणी होत नाही. माणूस दिवसभर पासवर्ड बदलत बसतो.

टाकताना मधेच निळ्या चौकटीत लॉगिन स्क्रीन कुठली हवी असं विचारलं, जीडीएम३ की लाइटडीएम, तर लाइटडीएम घ्या. ती हलकी आहे. आणि लगेच मशीनला सांगून टाका की सुरू होताना ती आणायची नाही:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डीफॉल्ट मल्टी-यूजर.टार्गेट

ही ओळ गाळू नका. उबुंटू सर्व्हरवर सुरुवातीचं लक्ष्य मुळातच ग्राफिकल असतं. आजवर दाखवायला काही नव्हतं म्हणून काळा पडदा येत होता, एवढंच. लाइटडीएम आली की पुढच्या रिस्टार्टला ती आपोआप पडद्यावर येऊन बसेल. ती तिथं नको, याची दोन कारणं आहेत. एक, चोवीस तास चालणाऱ्या मशीनवर बिनकामाची स्क्रीन कशाला उघडी ठेवायची? दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. मशीनसमोर बसून डेस्कटॉप उघडला की कुणालाही पासवर्डशिवाय ‘शट डाउन’ दाबता येतं. संध्याकाळी घरी जाताना पीसी बंद करायची सवय सगळ्यांच्याच हातात असते. दुरून जोडलेल्या माणसानं तेच दाबलं तर मशीन आधी अॅडमिनचा पासवर्ड मागतं. कधी समोरच्या मॉनिटरवर डेस्कटॉप लागलाच, तर सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट लाइटडीएम म्हटलं की येतो आणि स्टार्टच्या जागी स्टॉप म्हटलं की जातो.

ते ‘शट डाउन’ टळावं म्हणून दिवाणजींना वेगळं खातं काढून द्या. सुडो अॅडयूजर, पुढं नाव, एवढंच. त्या खात्याला सुडोचा अधिकार देऊ नका. तुमचं स्वतःचं अॅडमिनचं खातं डेस्कटॉपसाठी वापरू नका, आणि सगळे अधिकार असलेल्या रूटनं तर कधीच नाही. दिवाणजींच्या खात्यात जाऊन त्यांच्या घरच्या फोल्डरात टिंब-एक्ससेशन नावाची फाइल करायची. नावाची सुरुवात टिंबानं. आत एकच ओळ: एक्सएफसीई४-सेशन. एक्सआरडीपी हीच फाइल वाचून कुठला डेस्कटॉप उघडायचा ते ठरवतो.

एक बारकी गोष्ट राहते. दुरून येणारी जोडणी झाकण्यासाठी जी किल्ली लागते, ती वाचायची परवानगी एक्सआरडीपीला उबुंटूवर आपोआप मिळत नाही. त्याला एसएसएल-सर्ट या गटात घाला:

सुडो अॅडयूजर एक्सआरडीपी एसएसएल-सर्ट

आणि सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट एक्सआरडीपी. हे केलं नाही तरी चित्र दिसतं, म्हणून लोक सोडून देतात. पण मग जोडणी जुन्या, कमजोर पद्धतीनं झाकली जाते. तुमच्या पासवर्डसाठी दोन मिनिटं द्या.

विंडोजवर रिमोट डेस्कटॉप कनेक्शन उघडा, सर्व्हरचा आयपी टाका. प्रमाणपत्राबद्दल इशारा येईल. सर्व्हर ऑफिसातलाच, आयपी तुम्हीच टाकलेला, तेव्हा होय म्हणा. पुढच्या छोट्या खिडकीत सेशन एक्सऑर्ग ठेवून नाव-पासवर्ड द्या. खाली फोल्डरांची पट्टी असलेला साधा डेस्कटॉप उघडला पाहिजे.

आता फायरवॉल. एक्सआरडीपी ३३८९ या पोर्टवर ऐकतो. विंडोजचं रिमोट डेस्कटॉपही त्याच पोर्टवर असल्यामुळं जगभरातून हा पोर्ट दिवसरात्र चाचपला जातो. राउटरवर जाऊन तो बाहेर उघडू नका. ‘घरून बघायचंय, तेवढा पोर्ट उघडून दे’ असं मालक म्हणतील. तिथं ठाम राहा. यूएफडब्ल्यू, म्हणजे उबुंटूची फायरवॉल, लावताना क्रम पाळा. आधी अलाउ ओपनएसएसएच, मग अलाउ साम्बा, मग फक्त ऑफिसच्या नेटवर्कला ३३८९:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ३३८९ प्रोटो टीसीपी

आकडे इंग्रजीत, आणि तुमच्या ऑफिसचे जे असतील ते. कॉकपिट टाकला असेल तर तशीच एक ओळ ९०९० साठी. शेवटी यूएफडब्ल्यू एनेबल. साम्बाची ओळ विसरून एनेबल केलं की सगळ्या ऑफिसचे फोल्डर बंद होतात आणि दोष डेस्कटॉपवर येतो.

घरून बघायचं असेल तर वायरगार्ड या व्हीपीएननं ऑफिसच्या नेटवर्कमध्ये या, नाहीतर एसएसएचच्या बोगद्यातून. एसएसएच -एल ३३९०:लोकलहोस्ट:३३८९, पुढं तुमचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता. इथला एल तेवढा मोठ्या लिपीतला. मग रिमोट डेस्कटॉपमध्ये पत्ता लोकलहोस्ट:३३९०. बाहेरून ३३८९ दिसतच नाही आणि तुमचं काम होतं.

एसएसएचबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण डेस्कटॉप आला की लोक एसएसएच विसरतात. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि रस्ता बंद झाला, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे बरेच सर्व्हर नदीच्या पलीकडं, मी अलीकडं. मोबाइलचं नेट कधी एक कांडी, कधी तीही नाही. त्या नेटवर डेस्कटॉपचं चित्र येईना. अर्धी खिडकी रंगायची आणि अडकायची. एसएसएच मात्र चालत होतं, कारण त्यात फक्त अक्षरं जातात-येतात. तळमजल्यावर पाणी यायच्या आत सर्व्हर नीट बंद करायला एक ओळ पुरली. म्हणून डेस्कटॉप बसवल्यावरही आठवड्यातून एकदा एसएसएचनं आत जाऊन या, पासवर्ड आठवतो का बघा, डीएफ -एच मारून डिस्क बघा. हात बसलेला असला की अडचणीच्या दिवशी शोधाशोध होत नाही.

वापरायला लागल्यावर ज्या तक्रारी येतील त्या आधीच सांगतो. लॉगिन केल्यावर खिडकी काळी होऊन बंद पडत असेल तर बहुतेक वेळा तेच खातं मशीनच्या स्वतःच्या पडद्यावरही डेस्कटॉप उघडून बसलेलं असतं. एका खात्याचे दोन डेस्कटॉप एकमेकांच्या पायात येतात; तिथलं लॉग आउट करा. तसं नसेल तर टिंब-एक्ससेशनमध्ये नाव चुकलंय का बघा. टर्मिनलमध्ये टॅब दाबून नाव पूर्ण होत नसेल, तर विंडो मॅनेजरच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये सुपर (विंडोजचं बटण) आणि टॅबला जोडलेला शॉर्टकट पुसा. रंगांच्या उपकरणासाठी पासवर्ड मागणारी चौकट कधी आली तर रद्द करा, काही बिघडत नाही. चित्र जड वाटलं तर कॉम्पोझिटर (खिडक्यांच्या सावल्या, पारदर्शकपणा दाखवणारा भाग) बंद करा आणि विंडोजच्या बाजूला रंग १६ बिट ठेवा.

दिवाणजींना एक सवय लावावी लागेल. वरच्या फुलीनं खिडकी बंद केली तर डेस्कटॉप बंद होत नाही, सर्व्हरवर आत चालूच राहतो, रॅम धरून. पुन्हा जोडलं की उघड्या खिडक्या तशाच मिळतात, हा त्याचा फायदाही आहे. पण काम संपलं की लॉग आउट. ८ जीबीवर दोघा-तिघांचे डेस्कटॉप आरामात चालतात. हाच खेळ भाड्याच्या १ जीबीच्या क्लाउड मशीनवर करू नका. तिथं रॅम संपली की कर्नल सगळ्यात जास्त रॅम खाणारा प्रोग्राम मारतो, आणि तो बहुधा डेटाबेस असतो. त्या डेस्कटॉपवर ब्राउझर उघडून मेल बघणं, काही डाउनलोड करणं हे मी कुणालाच करू देत नाही. ती कामं विंडोज पीसीवर करावीत. या मशीनवर सगळ्या फाउंड्रीचा माल आहे.

मराठीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा आणि फॉन्ट्स-नोटो-कोर टाका, फोल्डरांची नावं जोडाक्षरांसकट नीट दिसतील. टाइप करायचं असेल तर विंडोजचा मराठी कीबोर्ड पलीकडं पोहोचेलच असं नाही; सर्व्हरवरच आयबस आणि त्याचं एम१७एन टाकावं लागतं, त्यात इन्स्क्रिप्ट आणि उच्चारावरचं, दोन्ही मिळतं.

आणि परवानग्या. दिवाणजींनी डेस्कटॉपवरून फोल्डरात फाइल टाकली की ती त्यांच्या एकट्याच्या नावावर पडते. साम्बातून आलेल्या बाकीच्यांना ती उघडते पण सेव्ह होत नाही. शॉप फ्लोअरवरून ‘फाइल लॉक झालीय’ असा फोन येतो तो यामुळं. फोल्डरांचा गट सगळ्यांचा एकच ठेवा, दिवाणजींना त्या गटात घाला, आणि फोल्डरांना सीएचमॉड २७७५ द्या. सुरुवातीचा २ महत्त्वाचा. त्यामुळं आत येणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. मग दिवाणजींकडून एक फाइल टाकून घ्या आणि दुसऱ्या पीसीवरून ती बदलून बघा. सेव्ह होत नसेल तर एलएस -एल करून गटाला लिहायची परवानगी आहे का ते बघा.

सगळं झालं की ऑफिस सुटल्यावर सर्व्हर रिस्टार्ट करा. मॉनिटरवर काळा पडदा आणि लॉगिन आलं पाहिजे. मग मॉनिटर, कीबोर्ड, माउस तिन्ही काढा. दुसऱ्या पीसीवरून साम्बाचा फोल्डर उघडा, मग एसएसएच, मग रिमोट डेस्कटॉप, याच क्रमानं. चहा घेऊन अर्ध्या तासानं या आणि तिन्ही पुन्हा तपासा. झोपेची भानगड राहिली असेल तर तेवढ्यात कळते. रिमोट डेस्कटॉप तेवढा नाही जोडला, तर व्हार-लॉगमधल्या एक्सआरडीपी-सेसमन.लॉग या फाइलच्या शेवटच्या वीस ओळी मला पाठवा. त्यातून तुमचे पासवर्ड जात नाहीत, आणि अडलंय कुठं ते बहुतेक वेळा त्या वीस ओळींतच लिहिलेलं असतं.